एरिख हार्टमान: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातल्या फायटर पायलटांचा विषय निघाला की पहिल्या पाच मिनिटांत हार्टमानचं नाव येतंच, आणि त्याच्या मागोमाग त्याने पाडलेल्या विमानांचा तो आकडा, ३५२. मी या माणसाबद्दल बरीच वर्षं वाचतोय आणि लोकांकडून तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून सगळी उत्तरं एकाच ठिकाणी लिहून ठेवतोय. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

हा नेमका कोण होता?

एरिख हार्टमान, जन्म १९ एप्रिल १९२२, गाव वाइसाख, दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्ग भागात. जर्मन हवाई दलात, म्हणजे लुफ्तवाफेत, ऑक्टोबर १९४२ पासून युद्ध संपेपर्यंत तो पूर्व आघाडीवर सोव्हिएत विमानांविरुद्ध लढला. ५२ नंबरच्या फायटर विंगमध्ये होता आणि जवळजवळ सगळं युद्ध मेसरश्मिट १०९ या एकाच विमानावर काढलं. १४०० च्या वर उड्डाणं, त्यातल्या ८२५ वेळा प्रत्यक्ष चकमक, आणि नावावर ३५२ विमानं. त्यातली ३४५ सोव्हिएत आणि ७ अमेरिकन. युद्ध संपलं तेव्हा वय २३. त्यानंतर साडेदहा वर्षं रशियात कैद.

चेहरा इतका कोवळा होता की सहकारी त्याला 'बूबी' म्हणायचे, म्हणजे आपल्याकडे 'बाळ्या' म्हणतात तसं. ते नाव शेवटपर्यंत चिकटलं.

विमान चालवायला शिकला कुठे?

आईकडून! वडील डॉक्टर होते आणि एरिख लहान असताना सगळं कुटुंब चीनमध्ये चांगशाला राहत होतं, तिथे यादवी पेटली म्हणून १९२८ मध्ये जर्मनीत परतले आणि वाइल इम श्योनबुख या गावी स्थायिक झाले. आई एलिझाबेथ ही जर्मनीतल्या सुरुवातीच्या महिला ग्लायडर पायलटांपैकी एक. घरचं एक छोटं विमानसुद्धा होतं, ते मंदीच्या काळात १९३२ ला विकावं लागलं. मग १९३६ मध्ये आईने गावातच ग्लायडिंगची शाळा काढली आणि एरिख वयाच्या १४ व्या वर्षी तिथे इतर पोरांना शिकवायला लागला. आता यात एक गोष्ट लपवायची नाही, ही सगळी ग्लायडिंगची चळवळ तेव्हा हिटलर यूथच्या, म्हणजे नाझींच्या तरुणांच्या संघटनेच्या, छत्राखाली चालायची आणि एरिखही त्यातलाच. त्या पिढीच्या पोरांना आभाळ दाखवलं गेलं ते युद्धाची तयारी म्हणूनच.

पण ग्लायडरचा एक फायदा त्याला जन्मभर झाला. इंजिन नसलेलं विमान हाताला, पाठीला जाणवतं, कुठे काही बिनसलं तर काटे हलायच्या आधी अंगाला कळतं. युद्धात त्याने एकूण १४ वेळा विमान कसंबसं आपटून उतरवलं आणि एकदाही जखमी झाला नाही, त्यात या शिक्षणाचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

म्हणजे पहिल्या दिवसापासूनच भारी होता?

अजिबात नाही, आणि हे लोकांना माहीतच नसतं. ट्रेनिंगमध्ये असताना ३१ मार्च १९४२ ला त्याने त्सेर्ब्स्टच्या धावपट्टीवर कसरती करून दाखवल्या, त्याबद्दल आठवडाभर खोलीत डांबलं आणि पगारातही मोठी कपात झाली. त्याच आठवड्यात जे उड्डाण त्याच्या नावावर होतं ते त्याच्या रूममेटने घेतलं, त्याच विमानाचं इंजिन बिघडलं आणि तो मुलगा गेला. त्या शिक्षेने आपला जीव वाचवला असं हार्टमान नंतर सांगायचा.

आघाडीकडे निघाल्यावर एक स्टुका बॉम्बर मारियुपोलला पोचवायचं काम दिलं तर ब्रेक न लागल्याने ते जमिनीवरच कंट्रोलरच्या झोपडीत घुसवलं. आणि मग १४ ऑक्टोबर १९४२, पहिली लढाईची फेरी. सोबत एडमुंड रोसमान हा मुरलेला पायलट होता. हार्टमानला शत्रू दिसला, याने थ्रॉटल पूर्ण दाबला, लीडरला सोडून पुढे गेला, गोळ्या झाडल्या त्या एकही लागल्या नाहीत, मग मागे वळून बघतो तर एक विमान पाठीमागे, घाबरून ढगात शिरला आणि पळत सुटला. पाठीमागचं विमान रोसमानचंच होतं! पळता पळता पेट्रोल संपलं आणि शेतात विमान आपटलं. कमांडर फोन बोनिनने तीन दिवस मेकॅनिक लोकांबरोबर कामाला जुंपलं.

५ नोव्हेंबरला पहिलं विमान पाडलं, इल्युशिन-२, पण त्याचे तुकडे लागून स्वतःलाही पोटावर उतरावं लागलं. १९४२ संपलं तेव्हा याच्या नावावर फक्त दोन विमानं होती. त्या वेळी कोणी विचारलं असतं तर हा मुलगा सहा महिने टिकेल असंही कोणी म्हणालं नसतं.

मग एवढा फरक कशाने पडला?

शिकण्याने. रोसमानच्या एका हाताला आधीची दुखापत होती त्यामुळे तो डॉगफाइटच्या गरगर फिरण्यात पडायचाच नाही, लांबून बघायचा, थांबायचा आणि एकदाच घाव घालायचा. दुसरीकडे वाल्टर क्रुपिन्स्की, तो बेधडक, तो सांगायचा की जवळ जा, अजून जवळ जा. हार्टमानने दोघांचं एकत्र केलं आणि त्यातून स्वतःची चार पावलांची पद्धत बसवली: बघ, ठरव, मार, निघ.

यातलं 'ठरव' हे सगळ्यात महत्त्वाचं. शत्रू दिसला की तुटून पडायचं नाही. आपण वर आहोत का, सूर्य आपल्या पाठीमागे आहे का, त्याने आपल्याला बघितलंय का, मारून झाल्यावर सुटायची वाट आहे का. एक जरी उत्तर नको तसं असेल तर सरळ सोडून द्यायचं. आणि हल्ला केलाच तर समोरच्या काचेत शत्रूचं विमान मावेनासं होईपर्यंत ट्रिगरला हात लावायचा नाही. विचार करा, समोरचं विमान पन्नासेक मीटरवर आहे, त्याच्या पंखांवरचे रिव्हेटसुद्धा दिसतायत, हवेचे धक्के आपल्या विमानाला बसतायत, आणि तेव्हा एक सेकंदभर तोफ चालवायची. त्या अंतरावरून चुकत नाही आणि गोळ्याही कमी लागतात. लगेच निघायचं, दुसऱ्यांदा वळायचं नाही.

इल्युशिन-२ चं उदाहरण घ्या. सोव्हिएतांचं हे जमिनीवर हल्ला करणारं विमान, त्याचं इंजिन आणि कॉकपिट अख्ख्या पोलादी चिलखतात बसवलेलं, मागून गोळ्या मारल्या तर नुसत्या उसळून जायच्या. हार्टमान खालून, जमिनीला जवळजवळ घासत यायचा आणि पोटाखालच्या ऑइल कूलरवर मारायचा, तेवढीच एक जागा कच्ची. तेल पेटलं की काम झालं.

या पद्धतीचा तोटा असा की फुटलेल्या विमानाचे तुकडे आपल्यावरच येतात. ते १४ अपघात बहुतेक त्यातूनच झाले, शत्रूच्या गोळीने नव्हे.

तो रशियनांच्या हाती सापडून पळाला होता हे खरं का?

हो. २० ऑगस्ट १९४३, दोनेत्सचा प्रदेश, सकाळची वेळ. तोपर्यंत नावावर ९० विमानं होती. त्या सकाळी इल्युशिनवर हल्ला केला, तुकडे लागले, इंजिन बंद, विमान उतरवलं ते सोव्हिएत हद्दीत. नियम असा होता की विमान सोडायच्या आधी पॅनलवरचं घड्याळ काढून घ्यायचं कारण ते फार अचूक आणि दुर्मिळ. हा स्क्रू काढत बसला. तेवढ्यात जर्मन बनावटीचा ट्रक येताना दिसला म्हणून निर्धास्त राहिला, आणि ट्रकमधून उतरले ते सोव्हिएत सैनिक. ट्रक पकडलेला होता.

त्याने पोटात मार लागल्याचं सोंग घेतलं. हात लावला की ओरडायचा. डॉक्टरने तपासलं, डॉक्टरलाही खरं वाटलं. स्ट्रेचरवर घालून ट्रकच्या मागच्या भागात ठेवला, सोबत एकच पहारेकरी. वर स्टुका विमानं आली, पहारेकऱ्याचं लक्ष वर गेलं, याने उठून त्याच्या पोटात जोरात ठोसा मारला आणि उडी टाकून समोरच्या सूर्यफुलाच्या शेतात पळाला. ऑगस्टमधलं सूर्यफूल म्हणजे पुरुषभर उंच, मागून गोळ्या येतायत, पानं सळसळतायत आणि हा वाकून धावतोय. दिवसा लपून राहिला, अंधार पडल्यावर पश्चिमेकडे चालत निघाला, आणि आपल्या हद्दीत पोचला तेव्हा जर्मन पहारेकऱ्यानेच घाबरून गोळी झाडली, ती पॅंटच्या कापडातून आरपार गेली.

हे सगळं हार्टमानच्याच तोंडून आलेलं आहे, पण त्यातला मला सगळ्यात आवडणारा भाग त्याच्याबद्दलचा नाहीच. हाइन्त्स मेर्टेन्स, टोपणनाव 'बिमेल', हा त्याच्या विमानाचा मेकॅनिक. हार्टमान परत आला नाही म्हटल्यावर या माणसाने कोणाला न विचारता रायफल उचलली आणि एकटा त्याला शोधायला आघाडीकडे चालत निघून गेला.

३५२ हा आकडा खरा मानायचा का?

लुफ्तवाफेत पाडलेलं विमान नावावर लागायला साक्षीदार लागायचा, ठिकाण वेळ सगळं लिहून द्यावं लागायचं, आणि एक विमान एकाच पायलटच्या नावावर, वाटावाटी नाही. नियम कडक होते. तरीसुद्धा हवेतल्या गडबडीत जास्तीचे दावे सगळ्याच देशांच्या पायलटांनी केलेत, धूर सोडत खाली गेलेलं विमान पाडलं असं वाटतं आणि ते दहा किलोमीटरवर जाऊन सुखरूप उतरलेलं असतं. सोव्हिएत कागदपत्रं खुली झाल्यावर इतिहासकारांनी तपासलं तेव्हा त्याचे काही दावे समोरच्या बाजूच्या नुकसानीशी जुळत नाहीत असं दिसलं. रशियन अभ्यासक तर बराच मोठा आकडा कापतात.

माझं मत असं की ३५२ हा 'मान्य झालेल्या दाव्यांचा' आकडा म्हणून सांगावा, अगदी मोजून पाडलेली विमानं म्हणून नाही. पण निम्मा केला तरी १७६ उरतात. दोस्त राष्ट्रांचा सगळ्यात वरचा पायलट इवान कोझेदुब, त्याचे साठच्या थोडे वर, अमेरिकेचा रिचर्ड बॉंग ४०.

मग जर्मनांचेच आकडे एवढे मोठे कसे?

रक्ताचा किंवा वंशाचा यात काही संबंध नाही, असलं कोणी सांगितलं तर ऐकूच नका. कारण अगदी साधं आहे, त्यांना घरी पाठवतच नव्हते. अमेरिकन पायलटची ठरावीक उड्डाणं झाली की तो मायदेशी, पुढच्या पोरांना शिकवायला. जर्मन पायलट मरेपर्यंत किंवा अपंग होईपर्यंत उडायचा. पूर्व आघाडीवर तर तळ आघाडीला इतके खेटून असायचे की दिवसाला चार पाच फेऱ्या व्हायच्या आणि आभाळात शत्रू कायम हजर. जो वाचला त्याचा आकडा वाढत गेला, बाकीच्या हजारोंची नावं आज कोणाला माहीत नाहीत. ३०० च्या पुढे जगात दोनच पायलट गेले, हार्टमान आणि गेरहार्ड बार्कहोर्न (३०१), दोघेही ५२ नंबर विंगचेच, आणि तिसरा ग्युंटर राल (२७५) तोही तिथलाच.

आणि अमेरिकेने जे केलं तेच शहाणपणाचं होतं. अनुभवी लोक शिक्षक झाले म्हणून १९४४ मध्ये त्यांची नवी पोरं तयार होऊन यायची, आणि जर्मनीची नवी पोरं पहिल्या दहा फेऱ्यांत संपायची.

'काळा सैतान' आणि नाकावरचा काळा ट्यूलिप?

'काळा सैतान' हे सोव्हिएतांनी त्याला ठेवलेलं नाव म्हणून सांगतात. विमानाच्या नाकावर ट्यूलिपच्या पाकळ्यांसारखी काळी नक्षी त्याने काही काळ वापरली. ती बघून सोव्हिएत पायलट पळ काढायचे म्हणून त्याने पुसून टाकली, त्याच्या डोक्यावर दहा हजार रूबलचं बक्षीस होतं, अशा गोष्टी सगळीकडे वाचायला मिळतात. माझा यावर फारसा भरवसा नाही, त्या जर्मन बाजूच्या आठवणींतूनच आल्यात.

त्याला स्वतःला कशाचा अभिमान होता?

विंगमनचा. आपल्या सोबतचा पायलट आपण मरू दिला नाही हे तो आकड्याच्या वर ठेवायचा. एकच विंगमन त्याच्यासोबत असताना पाडला गेला, ग्युंटर कापितो, आधीचा बॉम्बर पायलट, फायटरची सवय नसलेला, आणि तोही पॅराशूटने वाचला. पहिल्याच फेरीत लीडरला सोडून पळालेला पोरगा पुढे हे सांगतो, म्हणून मला त्याच्या आकड्यापेक्षा हेच मोठं वाटतं.

तो नाझी होता का?

हा प्रश्न टाळून हार्टमानवर बोलणं मला पटत नाही. तो ज्या सैन्यात होता त्याने सोव्हिएत भूमीवर लाखो सामान्य माणसं, ज्यू, युद्धकैदी मारले किंवा उपाशी मरू दिले. त्याच्या विंगच्या पायलटांनी हवेत काय केलं हे वेगळं असलं तरी ते आभाळ ते कोणासाठी मोकळं करत होते हे विसरता येत नाही. त्याचे फोटो गोबेल्सच्या प्रचारात झळकले. ३०१ वा टप्पा गाठल्यावर ऑगस्ट १९४४ मध्ये हिऱ्यांचं पदक खुद्द हिटलरच्या हातून घेतलं. जुलैमध्ये हिटलरला बॉम्बने मारायचा प्रयत्न झाला होता, त्यामुळे भेटायला येणाऱ्या सगळ्यांची पिस्तुलं काढून घेत होते तेव्हा याने सांगितलं की पिस्तूल घेणार असाल तर पदक नको, मग तसंच आत सोडलं. ही गोष्ट लोक त्याला हिटलरविरोधी ठरवायला वापरतात, पण मला त्यात एका तरुण अधिकाऱ्याचा मानापमान दिसतो, विरोध नाही.

युद्धानंतर त्याच्यावर जे पश्चिमेत लिहिलं गेलं ते बरंचसं कौतुकाचं आहे आणि ही सगळी पार्श्वभूमी त्यातून गाळलेली आहे. ते वाचताना हे डोक्यात ठेवा.

जेट का उडवलं नाही?

मार्च १९४५ मध्ये मेसरश्मिट २६२ च्या ट्रेनिंगला लेखफेल्डला गेला होता, आडोल्फ गालांडने आपल्या जेट पथकात बोलावलंही. पण त्याने आपल्या जुन्या विंगकडे परत जायचं ठरवलं, आणि त्या एका निर्णयाने पुढची दहा वर्षं ठरली. गालांडचं पथक अमेरिकनांच्या हाती लागलं.

शेवटच्या दिवशी काय झालं?

८ मे १९४५ ला सकाळी चेकोस्लोव्हाकियात ब्रनोवर एक याक, म्हणजे सोव्हिएत फायटर, पाडलं, ते ३५२ वं. तळावर उतरला तेव्हा सोव्हिएत तोफा जवळ आल्या होत्या. वरून हुकूम होता की हार्टमान आणि विंगचा प्रमुख हेर्मान ग्राफ यांनी विमानाने ब्रिटिशांकडे जाऊन शरण जावं, बाकीच्यांनी रशियनांकडे. दोघांनी नकार दिला. तळाभोवती शेकडो निर्वासित होते, बायका, मुलं, म्हातारी माणसं, आणि आपली माणसंही. उरलेली विमानं जाळली आणि सगळे मिळून चालत जाऊन अमेरिकेच्या ९० व्या इन्फंट्री डिव्हिजनला शरण गेले.

पण करार असा होता की जो सोव्हिएतांशी लढला तो सोव्हिएतांच्या ताब्यात. मे महिन्यातच अमेरिकनांनी सगळ्यांना तिकडे सोपवलं. त्या पहिल्या रात्री बायका आणि मुलींवर जे झालं ते हार्टमानने नंतर सांगितलंय, ते मी इथे लिहीत नाही.

रशियात दहा वर्षं कशासाठी?

सुरुवातीला साधा युद्धकैदी होता. पूर्व जर्मनीच्या नव्या सैन्यात ये म्हणून आग्रह झाला, हा तयार झाला नाही. मग १९४९ च्या शेवटी आणि परत १९५१ मध्ये खटले, युद्धगुन्हेगार म्हणून. आरोप असे की ब्रियान्स्कजवळ ७८० नागरिक मारले, एका पाव बनवायच्या कारखान्यावर हल्ला केला, आणि ३४५ महागडी सोव्हिएत विमानं नष्ट केली. तिसरा आरोप नीट वाचा, युद्धात विमान पाडणं हाच गुन्हा. शेवटी शिक्षा २५ वर्षं सक्तमजुरीची. त्याने कामाला हात लावायला नकार दिला, एकांतकोठडी, उपोषण, नळीने जबरदस्तीने खाऊ घालणं, सगळं झालं.

सप्टेंबर १९५५ मध्ये पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर आडेनाउअर मॉस्कोला गेले आणि उरलेल्या सुमारे दहा हजार कैद्यांची सुटका ठरली. त्याच्या आईने आडेनाउअरना पत्र लिहिलं होतं. ऑक्टोबरमध्ये हार्टमान घरी आला. जानेवारी १९९७ मध्ये रशियाच्या लष्करी सरकारी वकिलांनी ती शिक्षाच बेकायदा ठरवली, पण तो तेव्हा हयात नव्हता.

परत आल्यावर पुन्हा विमान उडवलं?

हो, १९५६ ला नव्या पश्चिम जर्मन हवाई दलात रुजू झाला, अमेरिकेत जाऊन जेट शिकला आणि १९५९ ला ७१ नंबरच्या 'रिश्टहोफेन' विंगचा पहिला प्रमुख झाला. विमानं कॅनडात बनलेली सेबर जेट, आणि नाकावर परत तीच काळी ट्यूलिपची नक्षी. भारतीय वाचकांसाठी एक गोष्ट, जर्मनीने वापरलेली याच जातीची ९० सेबर पुढे इराणमार्गे पाकिस्तानला पोचली, आणि १९७१ मध्ये बोयरावर आपल्या नॅट विमानांनी जी सेबर पाडली ती याच मॉडेलची.

त्यानंतर स्टारफायटर या नव्या जेट विमानावरून वरिष्ठांशी बिनसलं. त्याचं म्हणणं एवढंच की आपली पोरं अजून कच्ची आहेत, आधी सोप्या जेटवर हात बसू द्या, मग हे आणा. ऐकलं नाही. जर्मनीने ९०० च्या वर स्टारफायटर घेतली आणि त्यातली जवळजवळ एक तृतीयांश पडली, १०० च्या वर पायलट गेले. आपल्याकडे मिग-२१ ला जसं उडती शवपेटी म्हणायचे तसं तिकडे याला 'विधवा करणारं विमान' म्हणायचे. हार्टमानचं बरोबर होतं, पण बक्षीस म्हणून त्याला विंगवरून हलवलं आणि १९७० ला तो कर्नल म्हणूनच निवृत्त झाला. नंतर बॉनजवळ हांगेलारला साध्या छोट्या विमानांवर लोकांना शिकवायचा, आईसारखंच. २० सप्टेंबर १९९३ ला वाइल इम श्योनबुखमध्येच वारला, वय ७१.

बायकोने खरंच दहा वर्षं वाट बघितली?

उर्सुला पेट्श, तो तिला उष म्हणायचा. दोघं शाळेत भेटली. १० सप्टेंबर १९४४ ला लग्न झालं, आणि संसार म्हणावा असा मिळालाच नाही. कैदेत पत्रं मोजकी यायची, त्यात शब्दही मोजकेच चालायचे. १९४५ ला मुलगा झाला, एरिख पेटर, तो १९४८ मध्ये तीन वर्षांचा असताना गेला. बापाने त्याला कधी बघितलंच नाही. १९५२ ला हार्टमानचे वडील गेले, तेही तो आत असतानाच. उषला सगळे सांगत होते की २५ वर्षांची शिक्षा आहे, तू तुझं बघ. तिने ऐकलं नाही.

२३ फेब्रुवारी १९५७ ला त्यांना मुलगी झाली, तिचंही नाव उर्सुलाच ठेवलं.